बहरीनचं गोडं पाणी

जून लागला की आमच्या बिल्डिंगमधले सगळे गीझर बंद होतात, आणि जरा बऱ्या पाण्याने आंघोळ करायची असेल तर गरम पाण्याचा नळ सोडायचा. कारण साधं आहे. गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात असते, तिच्यातलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही इतकं तापतं, आणि गीझरची टाकी घरात एसीच्या गारव्यात, म्हणून तिच्यात साठलेलं पाणी त्यातल्या त्यात गार. नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच उन्हाळ्यात कोणी ना कोणी हे सांगतंच.

आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, आज किती आहे रे तिकडे? मी ४१ सांगितलं की ती म्हणते, मग नागपूरला तर ४५ आहे. बरोबर आहे तिचं. नुसत्या आकड्यांत बहरीन विदर्भापुढे फार काही नाही, जुलै-ऑगस्टचं सरासरी कमाल तापमान ३८-३९च्या आसपास असतं. पण किमान तापमान ३०च्या वर असतं, म्हणजे पहाटे चारला सुद्धा ३१, आणि हवेत ओल इतकी की एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा पांढरा होतो, पुसला की परत होतो. विदर्भातलं ऊन कोरडं, सावलीत बसलं, माठातलं पाणी प्यायलं की जीव थंड होतो, रात्री गच्चीवर झोपता येतं. इथे घाम येतो पण वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर गार होणार कसं. म्हणून १५ जूनपासून उन्हाळाभर दुपारी १२ ते ४ उघड्यावर कामाला कायद्याने बंदी असते. साइटवर काम करणारे आपल्याकडचेच, तेलंगणातले, बिहारमधले, केरळातले, शिवाय बांगलादेशी, आणि मला मनापासून वाटतं की सकाळी दहाला सुद्धा जे असतं ते कमी नसतं, बंदीची वेळ अजून वाढवायला हवी.

आता वाळवंटात एवढी ओल कुठून, तर समुद्रातून, आणि हा समुद्रही वेगळाच आहे. आखाताची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर, बहरीनच्या आजूबाजूला तर त्याहून कितीतरी उथळ, ओहोटीला माणसं लांबवर चालत जातात. इतकं उथळ पाणी वरून तापतं आणि तापलेलंच राहतं, ऑगस्टमध्ये ३३-३४ अंश. त्यात बाष्पीभवन भरपूर, नद्यांचं पाणी येणार ते मुख्यतः वर इराकच्या टोकाकडून, आणि होर्मुझच्या चिंचोळ्या तोंडातून बाहेरच्या समुद्राशी अदलाबदल हळूहळू होते, त्यामुळे खारटपणा नेहमीच्या समुद्रापेक्षा जास्त. बेटाच्या दक्षिणेला सल्वाच्या आखातात तर पाणी इतकं खारट आहे की तिथे मोजकेच जीव टिकतात. कोकणातलं माणूस इथे पहिल्यांदा पोहायला उतरलं की दोन गोष्टी लगेच कळतात, पाणी गार नाही आणि आपण जास्तच तरंगतोय.

देश केवढा, तर सगळी बेटं मिळून साधारण ७८० चौ. किमी. बृहन्मुंबई ६०३ आहे, त्यावरून अंदाज करा. मुख्य बेट उत्तर-दक्षिण ५० किमीच्या आत आणि रुंदीला १५-१६ किमी. वर उत्तरेला राजधानी मनामा, तिच्या ईशान्येला मुहर्रक बेट जिथे विमानतळ आहे, पूर्वेला सित्रा, आणि दूर दक्षिणेला कतारच्या अगदी किनाऱ्यालगत हवार बेटं, ज्यांच्यावरून दोन्ही देशांचं भांडण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि २००१ मध्ये बेटं बहरीनकडे राहिली. हवारला सोकोत्रा पाणकावळ्यांची मोठी वसाहत आहे आणि भोवतालच्या पाण्यात समुद्री गवत खाणाऱ्या डुगाँगचे कळप. पश्चिमेला १९८६ साली झालेला २५ किमीचा किंग फहद कॉजवे, त्याच्यावरून गाडी काढली की सौदी.

डोंगर एकच, जबल दुखान, उंची १३४ मीटर. पर्वती चढणाऱ्या माणसाला हा काही डोंगर वाटणार नाही पण बाकी सगळं इतकं सपाट आहे की तोच लांबून दिसतो, आणि बऱ्याच वेळा धुरकट हवेत तोही दिसत नाही. जमिनीची रचना मात्र बघण्यासारखी आहे. अख्खं बेट म्हणजे चुनखडीचा एक लांबट घुमट, मधोमध वर उचललेला, आणि लाखो वर्षांच्या वाऱ्या-पावसाने त्या घुमटाचा माथाच झिजून गेला, त्यामुळे मध्ये खोलगट भाग, त्याच्या कडेने खडकाची उभी किनार आणि खोलगटाच्या आत शिल्लक राहिलेला तो डोंगर. नैऋत्येला सबखा, म्हणजे मिठाचा थर आलेली ओलसर सपाट जमीन, गाडी घातली की रुतलीच. वाळूच्या लाटा लाटा असलेलं वाळवंट डोळ्यापुढे आणलं असेल तर तसं इथे नाही, दगड, खडी, भुरकट माती आणि मध्ये मध्ये खुरटी झुडपं.

वाऱ्यांबद्दल सांगायलाच हवं कारण इथला उन्हाळा वारा ठरवतो. शमाल म्हणजे वायव्येचा वारा, जूनमध्ये तो दिवसचे दिवस वाहतो, इराककडची धूळ घेऊन येतो, आकाश पिवळट होतं, घरात कितीही पुसा टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. तरी इथले जुने लोक शमालला चांगलं म्हणतात कारण तो कोरडा. याउलट कौस, आग्नेयेचा वारा, तो समुद्रावरून ओल आणतो आणि तो सुटला की सगळे चिडचिडे होतात. मला सगळ्यात ओढ लावणारी गोष्ट ही की शमालचा आणि आपल्या पावसाचा संबंध आहे. आपल्याकडे मान्सून येतो तेव्हा उत्तर भारत, पाकिस्तान, इराणवर कमी दाबाचा पट्टा असतो, आणि त्या पट्ट्याकडे हवा ओढली जाते त्याचीच ही पश्चिमेची बाजू. म्हणजे रत्नागिरीत धो धो कोसळत असतं ती हवेची व्यवस्था आणि माझ्या खिडकीवर धूळ आपटते ती व्यवस्था एकाच मोठ्या रचनेचे भाग. भारतावर वर चढलेली हवा परत कुठेतरी खाली उतरणारच आणि ती पश्चिमेकडे या कोरड्या प्रदेशांवर उतरते, खाली उतरणारी हवा तापते, कोरडी होते, तिच्यातून पाऊस पडत नाही.

जुलैअखेर शमाल पडतो आणि मग ऑगस्टचा दमट जाच सुरू होतो. खजूर पिकतो तो याच उकाड्यात, लोक म्हणतात ही हवा खजूर शिजवते. या सगळ्यातून सुटका कधी, तर सगळे सुहैल ताऱ्याची वाट बघतात. ऑगस्टच्या शेवटी पहाटे दक्षिणेला क्षितिजाजवळ तो दिसायला लागतो. सुहैल म्हणजे आपला अगस्ती. आपल्याकडेही अगस्तीचा उदय झाला की पाऊस ओसरतो, नद्यांचं गढूळ पाणी निवळतं असं मानतात ना, इथे तोच तारा उन्हाचा कडाका मोडतो. बहरीनहून तो जास्तीत जास्त ११ अंशच वर येतो, म्हणून बघायचा तर दक्षिणेकडे शहराचे दिवे नसलेली जागा शोधावी लागते. सप्टेंबर काही लगेच गार होत नाही, पण रात्री एखादी झुळूक लागते आणि ती लागल्याचं सगळ्यांना कळतं.

पाऊस वर्षाला सरासरी ७०-८० मिमी, तो सुद्धा मोजक्या दिवसांत, बहुतेक डिसेंबर ते मार्च. मुंबईत जुलैमधल्या एका जोरदार सकाळी तेवढा पडून जातो. हा पाऊस भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या ढगांचा, तेच पश्चिमी विक्षोभ जे पुढे पंजाब-हिमाचलला पाऊस देतात. जेव्हा पडतो तेव्हा एकदम पडतो, जमीन पाणी पीत नाही, रस्त्यांना उतार नाही, मग टँकर येऊन रस्त्यातलं पाणी ओढून नेतात. पण थंडी सुंदर असते. जानेवारीत रात्री १४, दिवसा २०, लोक दक्षिणेला साखीरच्या मोकळ्या रानात तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे राहतात, आणि विजांसकट चांगला पाऊस झाला असेल तर फगा निघतात, म्हणजे वाळवंटातले जमिनीखाली वाढणारे अळिंब, एका छोट्या झुडपाच्या मुळांच्या साथीने वाढतात, बाजारात महाग असतात आणि चव मातीची.

हे सगळं झालं, पण मला खरं लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. ७० मिमी पाऊस, नदी एकही नाही, ओढा नाही, तळं नाही, मग या बेटावर ४००० वर्षांपूर्वीपासून माणसं राहिली कशी? नुसती राहिली नाहीत, दिलमुन नावाची मोठी व्यापारी संस्कृती इथे होती, मेसोपोटेमिया आणि सिंधू संस्कृती यांच्या मधला थांबा. लोथलला आखाती पद्धतीची मुद्रा सापडली, इथल्या किल्ल्यात सिंधू पद्धतीची वजनं सापडली. मृतांसाठी बांधलेले हजारो मातीचे ढिगारे अजून बेटावर पसरलेत. जहाजं इथे थांबायची कारण इथे गोडं पाणी होतं, जमिनीतून आपोआप वर येणारं, बारा महिने.

ते कसं, तर हे पाणी इथल्या पावसाचं नाहीच. सौदीच्या आतल्या पठारावर चुनखडीचे थर उघडे पडलेत, तिथे हजारो वर्षांपूर्वी हवामान ओलं असताना मुरलेलं पाणी त्या थरांतून पूर्वेकडे उतरत उतरत समुद्राखालून इकडे येतं. वरून न झिरपणारा थर असल्यामुळे ते दाबाखाली असतं. बहरीनला तेच थर घुमटासारखे वर उचललेत, भेगा पडल्यात, आणि बेटाच्या उत्तर भागात त्या भेगांतून पाणी उसळून वर यायचं. म्हणून उत्तरेला हिरवा पट्टा, खजुराच्या बागा, बुदय्या, दिराज, बारबार ही गावं, आणि दक्षिणेला उजाड. लोकवस्तीचा नकाशा आणि झऱ्यांचा नकाशा शेजारी ठेवला तर एकच वाटेल.

बारबारला मंदिराचे अवशेष आहेत, डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी १९५४ पासून खणलेले. एकावर एक तीन मंदिरं आणि कडेला तासलेल्या दगडांच्या पायऱ्या, त्या खाली जातात एका झऱ्याच्या कुंडापर्यंत. मी तिथे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला आपल्या देवळांपुढची पुष्करणी आठवली. देव बहुधा एन्की, जमिनीखालच्या गोड्या पाण्याचा देव. सुमेरी लोकांची कथाच आहे की दिलमुनला गोडं पाणी नव्हतं आणि एन्कीने ते जमिनीतून आणून दिलं. इतक्या जुन्या लोकांना बरोबर कळलं होतं की पाणी खालून येतंय.

आणि झरे नुसते जमिनीवर नव्हते, समुद्राच्या तळाशीही होते. खाऱ्या पाण्याखाली गोड्या पाण्याचा झोत. मोती काढायला चार चार महिने समुद्रावर राहणाऱ्या होड्या पाणी संपलं की तिथे यायच्या, पाणबुड्या कातडी पखाल घडी करून खाली जायचा, झऱ्याच्या तोंडावर ती उघडायचा, भरली की तोंड आवळून वर. आजूबाजूला सगळा खारट समुद्र आणि पखालीत प्यायचं पाणी. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वासच बसेना, पण इथल्या वयस्कर माणसांपैकी कितीतरी जणांच्या वडील-आजोबांनी ते पाणी प्यायलंय. इथल्या मोत्यांचं तेज या गोड्या-खाऱ्या पाण्याच्या मिसळीतून येतं असंही लोक मानतात. हे मोती मुंबईला जायचे, तिथे भोकं पाडून सरात ओवले जायचे. आपल्या आज्या-पणज्यांच्या नथीतले बसरा मोती म्हणजे आखातातलेच, त्यातले कितीतरी या उथळ पाण्यातले असणार. हा धंदा १९३०च्या सुमाराला जपानी कल्चर्ड मोत्यांनी आणि जागतिक मंदीने बसवला.

नेमक्या त्याच काळात तेल निघालं, आणि तेलाची सुरुवातही पाण्यापासून आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. फ्रँक होम्स नावाचा न्यूझीलंडचा माणूस इथे आला, त्याने शेखांना पाण्यासाठी विहिरी खणून दिल्या, पाणी लागलं, शेख खूश झाले आणि १९२५ मध्ये त्याला तेल शोधायचा परवाना मिळाला. १९३२ साली जबल दुखानच्या पायथ्याशी तेल लागलं, आखाताच्या अरब किनाऱ्यावरची पहिली तेलविहीर. ती अजून जागेवर आहे, शेजारी छोटं म्युझियम आहे.

पण त्या पाण्याच्या बोअरवेलनी पुढे काय केलं ते बघा. दाबाखालचं पाणी म्हणजे भोक पाडलं की आपोआप वर. मग शेकडो भोकं पडली, शेतीला, घरांना, कारखान्यांना, त्यात लोकसंख्या वाढली, आज १५ लाखांच्या आसपास आहे. ज्या पाण्याला इथवर यायला हजारो वर्षं लागली ते पन्नास-साठ वर्षांत उपसलं गेलं. दाब उतरला, झरे आधी मंद झाले, मग एकेक करून थांबले, आणि रिकाम्या जागेत बाजूचं खारं पाणी शिरलं. अधारीचा झरा सगळ्यात प्रसिद्ध, मनामाच्या जवळ, त्याचं पाणी पाटातून लांबच्या बागांना जायचं आणि जवळच्या जमिनी कोरड्या राहायच्या, त्यावरून म्हणच पडली की अधारी लांबच्यांना पाजते आणि जवळच्यांना विसरते. घरच्यांना सोडून परक्यांचं करणाऱ्या माणसाला अजून हे ऐकवतात. तिथे आता पार्क आहे, बांधीव कुंड आहे, पाळणे आहेत. माझ्या ऑफिसमधले पंचावन्न-साठीचे बहरीनी लोक लहानपणी तिथे उड्या मारायचे, त्यांच्या मुलांना ती जागा पाळण्यांसाठी माहीत आहे. एका पिढीत झालं हे. मला याचं खरंच वाईट वाटतं, माझं गाव नसूनही, कारण मी ज्या तालुक्यातून आलो तिथे बोअर ८०० फुटांवर गेलेत आणि आम्हीही बघतच राहिलो.

आज नळाला येतं ते जवळजवळ सगळं समुद्राचं पाणी, खारटपणा काढलेलं. पहिला मोठा प्रकल्प सित्राला १९७५ मध्ये, मग हिद्द, अल दूर. त्याला वीज लागते, विजेला गॅस, आणि उरलेलं अति खारट गरम पाणी परत त्याच उथळ समुद्रात. समुद्रावर भारही कमी नाही. १९९०च्या दशकात पाणी जास्त तापून इथली प्रवाळं मोठ्या प्रमाणात मेली. भराव तर चालूच आहे, देशाचं क्षेत्रफळ साठ वर्षांपूर्वी ६७०च्या आसपास होतं, ते शंभरएक चौ. किमीने वाढलंय. बाब अल बहरीन ही कमान १९४९ मध्ये बांधली तेव्हा समोर समुद्र होता, आता तिथून समुद्र बघायला रस्ते ओलांडत बरंच चालावं लागतं. तुबलीच्या खाडीत थोडी तिवरं शिल्लक आहेत, थंडीत फ्लेमिंगो येतात, ती जपायला हवीत, भरावाला जागा अजून खूप आहे असं मानणाऱ्यांनी एकदा तिथे ओहोटीला जाऊन यावं.

शमीबद्दल राहिलंच. दक्षिणेच्या उजाड भागात एकटं झाड आहे, ट्री ऑफ लाइफ म्हणतात, ४०० वर्षांहून जुनं, दहाएक मीटर उंच, आणि ते शमीचं आहे, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. आजूबाजूला तेवढं मोठं दुसरं झाड नाही. शमीची मुळं फार खोल जातात हे राजस्थानातल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे, तिथे तिला खेजडी म्हणतात. जवळ जुन्या वस्तीची खापरंही सापडलीत, म्हणजे एके काळी तिथेही माणसं राहात होती.

कोणी येणार असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी या. देश छोटा, सकाळी बारबार आणि किल्ला, दुपारी अधारी, मग गाडीने शमी आणि पहिली तेलविहीर, सगळं एका दिवसात होतं, आणि याच क्रमाने बघितलं तर पाण्याची गोष्ट आपोआप कळत जाते. मुक्काम शनिवारी असेल तर बुदय्याच्या बागेत थंडीत शेतकरी बाजार भरतो, तिथे नक्की जा. टोमॅटो, मुळे, पालेभाज्या, सगळं याच बेटावर पिकलेलं. विकायला बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना त्यांच्या विहिरीचं पाणी पूर्वी कसं होतं ते विचारा, थोडं हिंदी बहुतेकांना येतं, आणि या विषयावर ते भरभरून बोलतात.